आधी तुमी मला बगा

कुणाचंही चित्रण करायच्या आधी मंदाताई कॅमेरा त्याच माणसाच्या हातात देत आणि स्वतः त्याच्यासमोर जाऊन बसत. "आधी तुमी मला बगा," म्हणत. "मी कशी दिसते, कुठं वाकडी दिसते, सगळं बगा. मग मी तुमाला बगते." समोरचा माणूस गांगरायचा. कॅमेरा उलटा धरायचा, बोट भिंगावर ठेवायचा. मंदाताई खाली बसून शांतपणे सांगत, "लाल बटन दाबा. हां. आता मी सापडले तुमाला." पाच-दहा मिनिटं हा खेळ चाले. मग कॅमेरा परत त्यांच्या हातात येई आणि खरं काम सुरू होई. आम्हा शिकाऊ पोरांना हा वेळेचा अपव्यय वाटे. बॅटरी उगाच जाते, असं मी एकदा म्हणालेही होते. त्या म्हणाल्या, "बॅटरी परत भरता येते गो."

मंदाकिनी म्हात्रे हे त्यांचं पूर्ण नाव. त्या गेल्याला आता दोन वर्षं होतील. एका संस्थेनं पेण आणि रोहा या दोन ठिकाणी तरुण मुलामुलींना फिल्म करायला शिकवण्याचा उपक्रम काढला होता. अठरा ते पंचवीस वयाची आम्ही चौदाजणं. शनिवारी पेणला भातगिरणीच्या वरच्या हॉलमध्ये वर्ग, रविवारी रोह्याला वाचनालयाच्या मागच्या खोलीत. संस्थेचे सर महिन्यातून एकदा मुंबईहून येत आणि जगभरच्या फिल्मा दाखवत. बाकी सगळं मंदाताईंवर. मी रोह्याची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वडील कंपनीत शिफ्टला. घरात रविवारी दुपारी ते झोपलेले असत, आवाज करायचा नसे, म्हणून मी त्या वर्गाला जाऊन बसले. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं.

शिकवायला कुणी शिकलेला माणूस येईल, अशी आमची कल्पना. आल्या त्या सुती साडी कमरेला खोचलेल्या, पन्नाशीच्या, बसक्या बांध्याच्या बाई. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि त्याच्या शेजारी बॅटऱ्यांची पिशवी. त्यांच्या नवऱ्याचा पेणला फोटो स्टुडिओ होता. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग तो करी आणि मंदाताई त्याच्यामागे दिवा धरून उभ्या राहत. अकरा वर्षं त्यांनी नुसता दिवा धरला. नवरा अचानक गेला तेव्हा पुढच्याच आठवड्यात एका हळदीची ऑर्डर घेतलेली होती. सगळ्यांना वाटलं, आता ही कॅमेरा विकेल. ह्या कॅमेरा घेऊन हळदीला गेल्या. "तो कुठं बगतो ते मी अकरा वर्षं बगत होते," असं त्यांनी एकदा सांगितलं, तेही विचारल्यावर.

पहिल्याच दिवशी त्यांनी विषय विचारले. पेणच्या पोरांपैकी सहाजणांनी गणपतीचे कारखाने सांगितले. मंदाताईंनी सगळे बाद केले. "गणपती नको. गणपतीला विचारता येत नाय, घेऊ का म्हनून. ज्याला विचारता येतं असं कायतरी आना." हा त्यांचा एकच नियम होता आणि तो त्या कधी मोडू देत नसत: जो चित्रात आहे, त्यानं नको म्हटलं की ते चित्र पुसायचं. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही, आणि गुपचूप कॉपी ठेवायची नाही.

मला तो नियम रोह्याजवळच्या खांब गावी शिकायला मिळाला. महामार्गाच्या कडेला एक आदिवासी बाई रानभाज्या विकायला बसायची. मी रस्त्याच्या पलीकडून, झाडाआडून, झूम करून तिचे हात टिपले. चित्रण फार सुंदर आलं होतं. वर्गात दाखवलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मंदाताईंनी विचारलं, "तिला ठाव हाय का?" दुसऱ्याच दिवशी त्या रोह्याला आल्या आणि मला एसटीत घालून खांबला घेऊन गेल्या. त्या बाईसमोर मला बसवून चित्रण दाखवायला लावलं. ती पाहत राहिली, मग म्हणाली, "ह्ये पुस. माझ्या लुगड्याला ठिगळ दिसतंय. परवा ये, चांगलं नेसून बसते." मी तिच्यासमोर पुसलं. परवा गेले तर ती खरंच हिरवं, नवं लुगडं नेसून बसली होती, केसांना तेल लावून. ते चित्रण पहिल्याइतकं सुंदर आलं नाही. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा मंदाताई म्हणाल्या, "तुला सुंदर नाय वाटलं. तिला वाटलं ना?"

त्या गोड स्वभावाच्या नव्हत्या. कौतुक करणं त्यांना जमतच नसे; फार झालं तर "चालंल" म्हणत. कॅमेऱ्याच्या बॅगेला कुणी न विचारता हात लावला तर वर्गाबाहेर काढत. मिसरी लावल्याशिवाय सकाळी कुणाशी बोलत नसत. कॉम्प्युटरवरचं एडिटिंग त्यांना शेवटपर्यंत आलं नाही, आणि येत नाही हे त्या मान्यही करत नसत. मागे उभ्या राहून "इथं काप, इथं नको" एवढंच सांगत. मुलाखतीत कुणी रडलं आणि आम्ही खुशीत परत आलो, की त्यांचा पारा चढे. "रडं मिळालं म्हनून नाचू नका. मानसाचं रडं हाय ते, बाजारातला बांगडा नाय." दुःखाच्या प्रसंगाखाली बासरी लावणाऱ्या एका मुलाला त्यांनी विचारलं होतं, "तुझी आजी गेली तवा बासरी वाजत होती का?" त्याची आजी महिन्यापूर्वीच गेली होती. तो रडला. मंदाताईंनी माफी मागितली नाही, पण तीन शनिवार त्याच्यासाठी घरून पोह्याचे पापड आणले.

दुसऱ्या वर्षी माझ्या गटानं बांधाचा विषय घेतला. धरमतर खाडीच्या काठावर मंदाताईंचं माहेरचं गाव. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून तिथं पिढ्यान्‌पिढ्या मातीचा बांध घातलेला, आणि बांधात एक उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. ओहोटीला फळ्या काढायच्या, शेतात साठलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरतीच्या आधी फळ्या परत बसवायच्या. फळ्या काढलेल्या असल्या की उघाडीच्या तोंडाशी जिताड्यासारखे मोठे मासेही सापडत. हे काम गावानं धर्माबाबा नावाच्या माणसाला नेमून दिलेलं होतं. सहा वर्षांपूर्वी श्रावणात मोठं उधाण आलं तेव्हा फळ्या बसवलेल्याच नव्हत्या. पाणी आत घुसलं, बांधाला खांड पडली, आणि सगळ्या गावाची भातशेती खारी झाली. तेव्हापासून तिथं भात झालेलं नव्हतं. धर्माबाबा दारू पिऊन झोपला, असं गाव म्हणालं. त्याचं काम काढून घेतलं. बैठकीत त्याला कुणी बोलवेनासं झालं. मुलगा लाजेनं पनवेलला जाऊन राहिला. मंदाताईंनाही हेच माहीत होतं, आणि त्यांनी ते आम्हाला असंच सांगितलं होतं.

मार्चमधली सकाळ होती. बांधावर आम्ही तिघं: मंदाताई, धर्माबाबा आणि कानाला हेडफोन लावलेली मी. आतली शेतं मिठानं पांढरी झालेली, मधूनमधून तिवरांची झुडपं उगवलेली. मंदाताईंनी नेहमीप्रमाणे कॅमेरा म्हाताऱ्याच्या हातात दिला आणि समोर दगडावर बसल्या. भरलेली घागर धरावी तसा त्यानं तो दोन्ही हातांनी धरला.

"दिसते का मी, बाबा?"

"दिसतंस. तू तुझ्या आयसवर गेलीस." मला हेडफोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. "मंदे, एक सांगू?"

"सांगा ना."

"फळ्या मी नव्हत्या काढल्या. तुझ्या गजानं काढल्या. उघाडीच्या तोंडाला जालं लावलंनी, जिताडं धरायला. मना बोलला, भरतीच्या आधी मी बसवतो, तू जा घरी. मी घरी गेलो. माझी चूक काय ती येवढीच, मी घरी गेलो."

गजानन हा मंदाताईंचा धाकटा भाऊ. गावात त्याचा शब्द चाले. मंदाताईंचा चेहरा हलला नाही. डावा हात फक्त कमरेच्या किल्ल्यांवर गेला आणि तिथंच राहिला.

"सहा वर्षं गावाला का नाय सांगितलंत?"

"तुझा बापूस नि मी, दोघांनी मिळून ह्यो बांध राखला. त्याच्या पोराचं नाव कसं घेऊ मी?"

"बाबा, कॅमेरा चालू हाय."

"ठाव हाय मना. म्हनून तर बोललो."

मी हेडफोन काढणार होते, तेवढ्यात मंदाताई पुन्हा बोलल्या. म्हाताऱ्याकडे नाही, सरळ कॅमेऱ्याकडे पाहून. "त्या दिवशी गजानं पेनला माझ्याकडं जिताडा पाठवलेला. चांगला मोठा होता. उधानाचं ऐकलं तवा तो चुलीवर होता. मी खाल्ला." एवढं बोलून त्या उठल्या, कॅमेरा घेतला आणि बंद केला.

परतीच्या मिनीडोर रिक्षात त्या एकच शब्द बोलल्या. "पुस."

नियम त्यांचाच होता. चित्रात त्या होत्या आणि त्यांनी नको म्हटलं होतं. मी "हो" म्हणाले. घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं, तो तुकडा माझ्या हार्डडिस्कवर कॉपी केला आणि मग कार्डावरून पुसला. तेव्हा माझ्या मनात न्याय वगैरे काही नव्हतं. इतकं चांगलं चित्रण मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं आणि ते घालवायचं नव्हतं, एवढंच.

त्या शनिवारी मंदाताई वर्गाला आल्या नाहीत. रविवारी रोह्यालाही नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. बुधवारी त्यांचा फोन आला. "पुसलंस का गो?" मी खोटं बोलणार होते. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, काहीतरी हरवल्यासारखं होतं. मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू नियम मोडलास. महिनाभर कॅमेऱ्याला हात लावायचा नाय." आणि थोडं थांबून, "उद्या घेऊन ये."

भातगिरणीवरच्या हॉलमध्ये त्यांनी ते चित्रण उभ्यानं तीन वेळा पाहिलं. खाली गिरणी चालू होती, जमीन थरथरत होती. मी म्हणाले, "ताई, चेहरा तुमचा आहे. तुम्ही नको म्हटलंत तर आता खरंच पुसते."

"चेहरा माझा हाय," त्या म्हणाल्या. "पन आवाज त्यांचा हाय. मी एकटीच कशी ठरवू?"

आम्ही पुन्हा गावाला गेलो. धर्माबाबांना त्यांच्या ओटीवर बसून सगळं दाखवलं. मंदाताईंनी स्पष्ट सांगितलं, की हे गावासमोर लागेल, लोक तुम्हालाच बोलतील, गजा काय करेल सांगता येत नाही. म्हाताऱ्यानं विचारलं, "तुझं काय होईल?" त्या म्हणाल्या, "माझं मी बगेन." तो म्हणाला, "मग दाव गावाला."

संस्थेच्या सरांना ती फिल्म फार आवडली. त्यांना ती लगेच बाहेर महोत्सवाला पाठवायची होती. मंदाताई म्हणाल्या, "गावात आधी. मग तुमी कुठं न्यायची तिथं न्या." त्यावर चर्चा झाली नाही.

एका रविवारी दुपारी गावच्या मराठी शाळेत ती दाखवली. खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार केला होता. साठ-सत्तर माणसं असतील. पहिल्या रांगेत गजानन. बहिणीची फिल्म म्हणून त्यानंच खुर्च्या मागवल्या होत्या. मंदाताईंनी त्याला आधी सांगायचा प्रयत्न केला होता. दोनदा घरी गेल्या, दोन्ही वेळा तो "फिल्ममधलं मला काय सांगतेस, बगू तवा बगू" म्हणून हसला होता. मला आजही वाटतं, तिसऱ्यांदा जायला हवं होतं. त्यांनाही वाटत असावं. पडद्यावर त्याचं नाव आलं तसा तो उठला. खुर्ची मागे पडली. गोणपाट बाजूला सारून तो बाहेर गेला, आणि क्षणभर पडद्यावर उन्हाचा पट्टा पडून मंदाताईंचा चेहरा दिसेनासा झाला. त्या स्वतः मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी फिल्म थांबवली नाही.

संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं चपला शोधत बाहेर पडली. दोघंतिघं धर्माबाबांच्या बाजूला घुटमळले आणि मग तेही बाहेर पडले. एक बाई मात्र मंदाताईंच्या तोंडावर म्हणाली, "सख्ख्या भावाला वेशीवर टांगलंस गो." मंदाताईंनी वायर गुंडाळणं चालू ठेवलं.

त्या भाऊबीजेला गजानन पेणला आला नाही, पुढच्याही नाही. मंदाताई गावात गेल्या की धर्माबाबांच्या ओटीवर बसून परत येत. माहेरच्या दारावरून जात, पण थांबत नसत. गावानं माफी वगैरे मागितली नाही. मात्र फिल्म दाखवल्यानंतरच्या उन्हाळ्यात खांड बुजवायचं ठरलं तेव्हा बांधाची जुनी रेघ कुठून जात होती हे विचारायला माणसं धर्माबाबांकडे गेली. त्यांना बांधावर खुर्ची टाकून दिली. मातीची पहिली पाटी टाकायला गजानन आला होता, असं मला नंतर कळलं. कुणाशी न बोलता दिवसभर माती वाहून तो निघून गेला. मी हे मंदाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला माती चांगली दाबता येते. बापानं शिकवलेली."

मग उपक्रम संपला. संस्थेनं दुसरा जिल्हा घेतला. मंदाताई पुन्हा लग्नांच्या शूटिंगला जाऊ लागल्या आणि मीही त्यांच्याबरोबर ऑर्डरी करू लागले. एके दिवशी गजाननची मुलगी श्वेता पेणला आली. तिचं लग्न ठरलं होतं. "आत्या, तू यायचंस," म्हणाली. आणि खाली बघून, "पप्पा बोलले, येऊ दे. पण तिच्या हातात कॅमेरा नको." मंदाताई म्हणाल्या, "मग ही येईल कॅमेरा घेऊन," आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

लग्नात त्यांना रिकाम्या हातांनी पाहून मला विचित्र वाटलं. त्या मांडवाच्या एका खांबाला धरून उभ्या होत्या. हातांचं काय करावं ते कळत नसल्यासारख्या पदर सारखा करत होत्या. अक्षता पडल्या. पंगतीची तयारी सुरू झाली. मी मांडवामागे बॅटरी बदलत असताना गजानन माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मोठा माणूस, फेटा बांधलेला, घामानं चिंब.

"ती फिल्म हाय तुझ्याकडं?"

"मोबाईलमध्ये आहे."

"दाव. त्या दिवशी मी पुरती बगितली नव्हती."

बाहेर बेंजो जोरात वाजत होता. मी हेडफोन दिले. तो आचाऱ्याच्या शेजारी पालथ्या टोपावर बसला आणि फेटा सरकवून ते कानाला लावले. मी समोर उभी राहून त्याच्या तोंडाकडे पाहत होते. स्वतःचं नाव आलं तेव्हा त्यानं डोळे मिटले, पण मोबाईल खाली ठेवला नाही. मग शेवट आला. तो त्यानं मागे नेऊन पुन्हा पाहिला. हेडफोन काढून माझ्या हातात देताना म्हणाला, "जिताड्याचं बोलली ती? सगळ्यांसमोर?"

"हो."

"तिला कुणी विचारलं पन नव्हतं." तो उठून गेला.

मी मंदाताईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "पुरती बगितली?" मी हो म्हटलं. "आवाज आला का नीट? केवढा हा बेंजो." मी म्हटलं, हेडफोन दिले होते. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा खांबाला टेकल्या.

थोड्या वेळानं गजानन भाताचं पातेलं घेऊन पंगतीत शिरला. दोन पानांवर वाढलं आणि मग खांबापाशी येऊन थांबला. "बाय, चल. पान मांडलंय."

त्या गेल्या, बसल्या. त्यानं वाकून भात वाढला. त्या म्हणाल्या, "बास." त्यानं आणखी एक मूद वाढली. त्या मान खाली घालून जेवू लागल्या, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत तो पातेलं घेऊन तिथंच उभा राहिला.